होबार्टची पोरं

ऑक्टोबर २००१ मध्ये टास्मानिया बेटावरच्या होबार्ट शहरात भारताच्या एकवीस वर्षांखालच्या मुलांनी ज्युनियर विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यात समोर अर्जेंटिना होता आणि गोलफलक ६-१ असा होता. १९७९ पासून चालू असलेली ही स्पर्धा भारताने तोवर एकदाही जिंकली नव्हती. मोठ्या संघाचं शेवटचं ऑलिंपिक सुवर्ण १९८० च्या मॉस्कोतलं, म्हणजे ही मुलं जन्माला येत होती त्या सुमाराचं. होबार्टच्या आदल्याच वर्षी, सिडनी ऑलिंपिकमध्ये, पोलंडने सामना संपता संपता बरोबरी साधली आणि भारताची उपांत्य फेरी हुकली. ती सल ताजी असताना ही बातमी आली. हॉकीवर प्रेम करणाऱ्या माणसाला त्या सकाळी काय वाटलं असेल, हे ज्यांनी ती सकाळ पाहिली त्यांना सांगायला नको.

गगन अजित सिंग कर्णधार होता. दीपक ठाकूर स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारा ठरला. आघाडीवर प्रभज्योत सिंग, मधल्या फळीत कोडगूचा अर्जुन हलप्पा आणि मागे, बचावात, अटारीचा अठरा वर्षांचा जुगराज सिंग. प्रशिक्षक होते राजिंदर सिंग. ही नावं त्या काळी आम्ही पाठ केली होती. यातल्या पाच-सहा जणांच्या जिवावर २००४ चं अथेन्स आणि २००८ चं बीजिंग आपलं, असा हिशेब अनेकांनी मनात मांडला होता, आणि तो भाबडा नव्हता. वीस वर्षांच्या मुलांनी जगातल्या आपल्या वयाच्या सगळ्यांना हरवलं असेल, तर तेविसाव्या आणि सत्ताविसाव्या वर्षी तीच मुलं त्याच प्रतिस्पर्ध्यांसमोर उभी राहणार, ही साधी गोष्ट होती.

अथेन्सला भारत सातवा आला. बीजिंगला गेलाच नाही.

मधल्या सात वर्षांत काय झालं, याचा शोध घेण्यासाठी हा लेख आहे. होतकरू खेळाडू पुढे का गेले नाहीत, या प्रश्नाला आपल्याकडे एक तयार उत्तर असतं: डोक्यात हवा गेली, नोकरी मिळाली आणि भूक संपली. हे उत्तर मला कधीच पटलेलं नाही. होबार्टच्या मुलांच्या बाबतीत तर ते चक्क खोटं आहे.

कारण सुरुवातीची दोन वर्षं ती मुलं खरोखरच भरात होती. २००२ च्या क्वालालंपूर विश्वचषकात भारत दहावा आला आणि स्पर्धा चालू असतानाच प्रशिक्षक सेड्रिक डिसोझा यांना काढून टाकण्यात आलं. त्यानंतर मोठ्या संघाची सूत्रं राजिंदर सिंग यांच्याकडे आली आणि होबार्टची पोरं त्यांच्या मागोमाग वर आली. त्याच वर्षी कोलोनच्या चॅम्पियन्स ट्रॉफीत भारत चौथा आला, बुसानच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळालं. २००३ च्या ऑगस्टमध्ये ॲम्स्टलवेनला, चॅम्पियन्स ट्रॉफीत, भारताने पाकिस्तानला ७-४ असं हरवलं. सात गोल! त्या दिवसांत भारताच्या आघाडीच्या फळीकडे चेंडू गेला की पुढे काय होईल हे कुणालाच सांगता येत नसे, प्रतिस्पर्ध्याला तर नाहीच. सप्टेंबरमध्ये धनराज पिल्लेच्या नेतृत्वाखाली क्वालालंपूरला अंतिम फेरीत पाकिस्तानला ४-२ ने हरवून भारताने पहिल्यांदाच आशिया चषक जिंकला. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत मोडक्या स्टिका बांधून खेळलेला धनराज तेव्हा पस्तिशीचा होता आणि त्याच्या बाजूने धावणारे आघाडीवीर त्याच्यापेक्षा बारा-बारा वर्षांनी लहान होते.

पण त्या आशिया चषकाच्या संघात जुगराज नव्हता.

जुगराजबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण तो काय करत होता हे कळल्याशिवाय काय गेलं हे कळणार नाही. हॉकीत पेनल्टी कॉर्नर ही सामना फिरवणारी गोष्ट. गोलच्या बाजूच्या मागच्या रेषेवरून चेंडू आत दिला जातो, गोलसमोरच्या डी वर्तुळाच्या बाहेर अडवला जातो आणि मग ड्रॅगफ्लिक करणारा तो स्टिकवर ओढत, सगळ्या शरीराचा झोल देऊन गोलकडे भिरकावतो. चेंडूचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पलीकडे जातो. ही कला नव्वदच्या दशकात युरोपात पक्की झाली. भारताकडे वर्षानुवर्षं तसा माणूस नव्हता, आणि बरोबरीचे सामने आपण तिथेच हरत होतो. जुगराजने ती जागा भरली. बचाव करताना तो त्याच प्रसंगाच्या दुसऱ्या टोकाला असायचा. कॉर्नर घेणाऱ्याच्या अंगावर सर्वांत आधी धावून जाणारा पहिला रशर. गोलरेषेपासून निघायचं, चेंडू सुटायच्या आत फ्लिक करणाऱ्याच्या समोर पोचायचं आणि वेळ आली तर तो चेंडू अंगावर घ्यायचा. हे काम करायला पायात वेग लागतो आणि मनात काय लागतं, ते मला शब्दांत सांगता येत नाही. एकच मुलगा गोल करायलाही आणि गोल वाचवायलाही सर्वांत पुढे, असं भारतीय हॉकीने फार कमी वेळा पाहिलं आहे.

सप्टेंबर २००३ मध्ये, आशिया चषकाच्या तोंडावर, जालंधरजवळ त्याच्या गाडीला अपघात झाला. जबर दुखापती झाल्या. तो वीस वर्षांचा होता. जीव वाचला, पुढे तो चालू लागला, पुन्हा मैदानावरही उतरला, पण पूर्वीचा जुगराज परत आला नाही. वेगाने वळणं, खाली वाकून चेंडू ओढणं, कमरेवर सगळा भार घेणं, हे सगळं त्या एका अपघाताने हिरावून नेलं. अथेन्सला त्याच्या जागी कोण, हा प्रश्न उभा राहिला तेव्हा उत्तर म्हणून अठरा वर्षांच्या संदीप सिंगला संघात घेतलं गेलं. तो पुढे मोठा झाला, २००६ मध्ये रेल्वेत सुरक्षा कर्मचाऱ्याच्या बंदुकीतून चुकून सुटलेली गोळी लागूनही परत उभा राहिला, भारताचा कर्णधार झाला. पण अथेन्समध्ये तो शिकाऊ होता आणि ऑलिंपिक ही शिकायची जागा नव्हे.

एका मुलाच्या अपघाताने आख्खा संघ कसा काय कोसळतो? कोसळू नये, हेच उत्तर आहे. ज्या देशात दुसरा ड्रॅगफ्लिकर तयार असतो तिथे पहिला गेल्याचं दुःख होतं, पण योजना मोडत नाही. आपल्याकडे योजना म्हणजेच जुगराज होता.

आणि मग ऑलिंपिकला जेमतेम काही आठवडे उरले असताना राजिंदर सिंग यांना हटवलं गेलं. होबार्टपासून ज्याने या पोरांना ओळखलं, कुणाला केव्हा ओरडायचं आणि कुणाला केव्हा गप्प सोडायचं हे ज्याला ठाऊक होतं, तो माणूस गेला आणि जर्मनीचे गेरहार्ड राख आले. राख यांच्याविषयी मला काही वाईट म्हणायचं नाही. जगातला कोणताही प्रशिक्षक एवढ्या थोड्या दिवसांत परक्या भाषेतल्या संघाला काय देणार होता? अथेन्सला ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारत ३-४ असा, शेवटच्या क्षणांत हरला. न्यूझीलंडकडून १-२. अर्जेंटिनाशी २-२ अशी बरोबरी. पाच सामन्यांपैकी एकच जिंकून उपांत्य फेरी हुकली. हे निकाल पुन्हा एकदा वाचा. यात कुठेही संघ उडून गेलेला नाही. एका गोलाचं अंतर होतं, आणि हॉकीत एका गोलाचं अंतर म्हणजे बहुतेक वेळा एक पेनल्टी कॉर्नर किंवा शेवटच्या पाच मिनिटांत डोकं शांत ठेवायला शिकवणारा माणूस. आपल्याकडे दोन्ही होतं आणि दोन्ही गेलं. त्यातलं एक दैवाने नेलं, दुसरं संघटनेने.

भारतीय हॉकी महासंघ १९९४ पासून के. पी. एस. गिल यांच्या हातात होता. त्या काळात प्रशिक्षक किती वेळा बदलले गेले, ते कुणी सांगायला बसलं तर दम लागेल. हरलं की प्रशिक्षक जाई आणि कधी कधी जिंकूनही जाई. खेळाडूच्या बाजूने विचार केला तर याचा अर्थ फार जाचक होता. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाला दर वर्षी नव्या माणसासमोर पहिल्यापासून स्वतःला सिद्ध करायचं. एकाला तो आघाडीत हवा, दुसऱ्याला मधल्या फळीत. एक म्हणे वजन उतरव, दुसरा म्हणे ताकद वाढव. खेळाडू ज्या वयात घडतो त्या वयात ही मुलं सतत निवड चाचणी देत राहिली.

पुढचा प्रवास मी भरभर सांगतो, कारण त्यात रेंगाळण्यासारखं काही नाही. २००६ च्या मोन्शनग्लाडबाख विश्वचषकात अकरावं स्थान. त्याच वर्षी दोहाच्या आशियाई स्पर्धेत पाचवं, पदकाविना परतण्याची ती पहिलीच वेळ. मार्च २००८ मध्ये चिलीतल्या सँटियागोला पात्रता स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ब्रिटनकडून ०-२ आणि १९२८ नंतर पहिल्यांदाच भारताविना ऑलिंपिक हॉकी. प्रशिक्षक होते मुंबईचे जोकिम कार्व्हालो. त्यांनी राजीनामा दिला. पुढच्याच महिन्यात लाचखोरीच्या प्रकरणात महासंघाचे सचिव अडकले आणि महासंघच निलंबित झाला.

त्याच २००८ च्या सुरुवातीला मुंबईच्या विरेन रस्किन्हाने निवृत्ती घेतली होती. अथेन्स खेळलेला, अर्जुन पुरस्कार मिळालेला हाफबॅक, वय सत्तावीस. मधल्या फळीतला खेळाडू या वयात कुठे पिकायला लागतो. तो व्यवस्थापनाचं शिक्षण घ्यायला हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसमध्ये गेला आणि पुढे ऑलिंपिक गोल्ड क्वेस्ट या संस्थेचा प्रमुख झाला. होतकरू खेळाडूला प्रशिक्षक, फिजिओ, आहार, दुखापतीतून सावरण्यासाठीचं पाठबळ मिळवून देणं हे त्या संस्थेचं काम. त्या पिढीला जे मिळालं नाही ते पुढच्यांना मिळावं म्हणून त्या पिढीतलाच एक जण कामाला लागला, याचं मला फार मोल वाटतं.

आणि पैसा? जानेवारी २०१० ची गोष्ट महाराष्ट्राने तरी विसरू नये, कारण ती पुण्यात, बालेवाडीच्या संकुलात घडली. दिल्लीतला विश्वचषक दीड महिन्यावर आलेला आणि भारतीय संघाने सराव थांबवला. थकलेले पैसे द्या, मग मैदानावर उतरतो, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांना माणशी पंचवीस हजार रुपये देऊ करण्यात आले आणि त्यांनी ते नाकारले. शेवटी प्रायोजकाने एक कोटी देऊ केल्यावर तिढा सुटला. त्या विश्वचषकात होबार्टचे प्रभज्योत आणि हलप्पाही खेळले. नऊ वर्षांपूर्वी जगज्जेती ठरलेली ही मुलं तिशीला येऊन पोचली होती आणि देशासाठी खेळण्याचे पैसे मागावे लागत होते. भारत आठवा आला. तेव्हा या पोरांची भूक संपली होती, असं म्हणणाऱ्याने ते बालेवाडीचे दिवस आठवावेत.

गगन, दीपक, प्रभज्योत, हलप्पा यांना अपयशी म्हणणं अन्यायाचं आहे. ते ऑलिंपिक खेळले, वर्षानुवर्षं देशासाठी धावले. त्यांच्या पिढीला ऑलिंपिक पदक मिळालं नाही, एवढंच खरं. मला खटकतं ते असं की त्यांचं नेमकं काय झालं याचा लेखाजोखा कुणी ठेवला नाही.

कॅनडात बर्फावरची हॉकी खेळतात. तो खेळ वेगळा आहे, पण होतकरूंचा हिशेब ते ज्या काटेकोरपणे ठेवतात तो पाहण्यासारखा आहे. १९९३ साली नवख्यांच्या निवडीत ओटावा संघाने अलेक्झांडर डेग या अठरा वर्षांच्या मुलाला पहिल्या क्रमांकावर निवडलं आणि पाच वर्षांसाठी सव्वा कोटी डॉलरच्या जवळपास जाणारा करार केला. पहिला निवडला गेलो ते बरं झालं, दुसऱ्या क्रमांकाचा कुणाच्या लक्षात राहत नाही, अशा अर्थाचं तो तेव्हा बोलून गेला. दुसरा होता ख्रिस प्राँगर, जो पुढे त्या खेळाच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये जाऊन बसला. डेग ६१६ सामने खेळला, १२९ गोल केले. कुणाही साध्या खेळाडूला अभिमान वाटावा असे आकडे, पण त्याच्याकडून मागितलं गेलं होतं ते याच्या कितीतरी पट. मधे त्याने खेळच सोडून दिला होता. त्याच्या करारानंतर १९९५ मध्ये नवख्यांच्या पगारावर मर्यादा घालण्यात आली. एका मुलाच्या करारामुळे सगळ्या व्यवस्थेने नियम बदलला. त्या निष्ठुर हिशेबाची मला भीतीही वाटते, कारण त्या मुलाच्या नावाला कायमची एक चिठ्ठी चिकटली. पण हिशेब असला की निदान पुढच्याला काय द्यायचं आणि काय नाही, हे कळतं.

आपल्याकडे दुसरा ज्युनियर विश्वचषक यायला पंधरा वर्षं गेली. डिसेंबर २०१६, लखनौ. उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाशी २-२ बरोबरी झाल्यावर शूटआउटमध्ये गोलरक्षक विकास दहियाने सामना काढला आणि अंतिम फेरीत गुरजंत सिंग व सिमरनजीत सिंग यांच्या गोलांवर बेल्जियम २-१ ने हरला. प्रशिक्षक हरेंद्र सिंग. कर्णधार हरजीत सिंग, पंजाबमधल्या ट्रकचालकाचा मुलगा. त्याच्यावर ‘हरजीता’ नावाचा चित्रपट निघाला आणि त्याला सर्वोत्कृष्ट पंजाबी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

लखनौच्या त्या संघातले सात जण टोकियो ऑलिंपिकच्या कांस्यपदक विजेत्या संघात होते: हरमनप्रीत, मनदीप, सुमित, वरुण कुमार, नीलकांत शर्मा, गुरजंत आणि सिमरनजीत. सातांत कर्णधार हरजीत नव्हता, शूटआउटचा नायक दहियाही नव्हता. चित्रपट पडद्यावर आला त्या सुमाराला हरजीत मोठ्या संघाच्या योजनेतून बाजूला पडत चालला होता. मधल्या फळीत सरदार सिंग, मनप्रीत, मागून येणारे सुमित, नीलकांत, हार्दिक, विवेक सागर अशी रांग लागली होती. त्यात उभं राहायला जागा मिळाली नाही, यात त्याचा दोष मला दिसत नाही. ज्युनियर संघात अठरा मुलं असतात. ऑलिंपिक दर चार वर्षांनी एकदा येतं, त्यात जागा सोळा, आणि आधीच्या पिढीतले निम्मे अजून खेळत असतात. गोलरक्षकाचं तर आणखी अवघड. श्रीजेश उभा होता तोवर दुसऱ्याला वाट पाहण्यावाचून काय करता येणार होतं?

उलटी गोष्ट मनप्रीतची. २०१३ मध्ये दिल्लीत, घरच्या मैदानावर झालेल्या ज्युनियर विश्वचषकात तो कर्णधार होता आणि भारत दहावा आला. टोकियोला पदक घेताना संघाचा कर्णधार तोच होता. जिंकलेला ज्युनियर कर्णधार मागे राहिला, दहावा आलेला ऑलिंपिकच्या व्यासपीठावर उभा राहिला. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. हॉकीत तरी ते विसाव्या वर्षीही धड दिसत नाहीत.

आणि सिमरनजीत! टोकियोच्या मूळ सोळा जणांत त्याचं नाव नव्हतं, तो राखीव होता. कोविडमुळे त्या वेळी राखीव खेळाडूंनाही सामन्यासाठी निवडण्याची मुभा मिळाली आणि जर्मनीविरुद्धच्या ५-४ अशा कांस्यपदकाच्या सामन्यात दोन गोल त्याचे होते. ती महामारी आली नसती, तर आज लखनौच्या अंतिम सामन्यात गोल करून पुढे काही न झालेला मुलगा म्हणून त्याची ओळख सांगितली गेली असती.

तरीही होबार्टच्या मुलांना जे मिळालं नाही ते लखनौच्या मुलांना मिळालं, आणि त्याला दैव म्हणता येणार नाही. २०१३ ते २०१७ हॉकी इंडिया लीग चालली. अठरा-एकोणीस वर्षांची मुलं जेमी ड्वायर, ट्यून दे नूयर, मोरित्झ फुर्स्टे यांसारख्यांच्या शेजारी एकाच ड्रेसिंग रूममध्ये बसली. मोठ्या खेळाडूची भीती तिथेच मोडली. बंगळूरच्या साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) केंद्रात वर्षभर शिबिरं, फिटनेसची मोजमापं, २०१८ पासून ओडिशा सरकारचं भक्कम प्रायोजकत्व. प्रशिक्षक याही काळात बदलले, आणि बरेचदा घाईने बदलले, पण शिबिर, फिजिओ, चाचण्या जागच्या जागी राहिल्या. २०१९ मध्ये आलेल्या ग्रॅहम रीड यांना टोकियोपर्यंत सलग वेळ मिळाला.

ती लीग २०१७ नंतर बंद पडली आणि पुन्हा सुरू व्हायला २०२४ चा डिसेंबर उजाडला. सात वर्षं. त्या सात वर्षांत एकविशी ओलांडलेल्या मुलांचं काय झालं, हे कुणीतरी विचारायला हवं.

असे प्रश्न आधीही विचारले गेले नाहीत. मुंबईचा युवराज वाल्मीकी २०११ मध्ये चीनमधल्या ऑर्डोसला पाकिस्तानविरुद्धच्या आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात निर्णायक पेनल्टी मारून परतला, तेव्हा मरिन लाइन्सच्या त्याच्या घरात वीज नव्हती. देशाला ही बातमी त्या विजेच्या निमित्ताने कळली, सत्कार झाले. पुढे तो जर्मनीत क्लब हॉकी खेळला, भारतासाठीही खेळला, पण ऑलिंपिकला गेला नाही. २०१६ च्या रिओला त्याचा धाकटा भाऊ देविंदर गेला. युवराजला लंडन ऑलिंपिकपूर्वीच्या त्या दहा महिन्यांत काय लागत होतं, कुठली दुखापत, कुठली उणीव, कोण लक्ष ठेवून होतं, याची नोंद कुठे सापडत नाही. घरातल्या विजेची मात्र सापडते.

हॉकी इंडियाने प्रत्येक ज्युनियर विश्वचषक संघातल्या अठराही जणांची नोंद पुढची दहा वर्षं उघडपणे ठेवावी: किती सामने, कोणती दुखापत आणि तिच्यावर कोणी उपचार केले, कोणत्या प्रशिक्षकाने का वगळलं, नोकरी कुठे, खेळ कधी आणि कशाने सुटला. होबार्टपासून सुरुवात करावी. ती माणसं आज चाळिशीत आहेत, बोलायला समोर आहेत. जुगराज तर पंजाब पोलिसांत नोकरी करता करता भारतीय संघाच्या शिबिरांत ड्रॅगफ्लिक शिकवून आला आहे. त्याला विचारायला जाण्यासाठी फार लांब जावं लागणार नाही.